तुळईचा हुंकार

मित्रांनो, अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याखाली जी लांबलचक, एका टोकाला कुजून काळी पडलेली तुळई आडवी टाकली आहे ना, तीच मी. तुम्ही येता-जाता माझ्यावर बसता, पाय हलवता, खडूने रेघोट्या ओढता. बसा, माझी काही हरकत नाही. पण आज थोडा वेळ पाय हलवायचे थांबवा आणि माझं ऐकून घ्या. समोर ती नवी भिंत कमरेइतकी वर आली आहे. मी पूर्वी होते त्या उंचीला ती पोचली की सांगून काही उपयोग होणार नाही.

तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना मी सांगून पाहिलं. वर्षानुवर्षं सांगितलं. त्यांना ऐकू येत नव्हतं असं नाही, चांगलं खणखणीत ऐकू येत होतं. सगळा घोळ तिथेच झाला.

पहिल्यापासून सांगते. एका डोंगरउतारावर मी झाड होते. मला तोडलं, ओढत खाली आणलं आणि इथल्या अंगणात एका सुताराच्या स्वाधीन केलं. सुतार उंचीने बेताचा होता आणि जिभेने तिखट. त्याने मला तासलं, रंधा मारला, बोटांच्या सांध्यांनी टकटक करून या टोकापासून त्या टोकापर्यंत माझी तपासणी केली आणि मगच मला वर चढवू दिलं. प्रार्थनाघराच्या भिंती तेव्हा नुकत्याच उभ्या राहिल्या होत्या. माझी दोन टोकं दोन भिंतींतल्या खोबणींत बसवली. गवंडी थापी घेऊन खोबण लिंपायला पुढे आला, तर सुताराने त्याचा हात धरला.

"टोकाभोवती अंगठ्याएवढी फट ठेव," तो म्हणाला. "तिला वारा लागू दे."

गवंडी हसला. "लेक सासरी चाललीये की काय तुझी? एवढी काळजी?"

"तसंच समज," सुतार म्हणाला.

गवंड्याने फट ठेवली. त्या फटीत पुढे चिमण्यांनी घरटी केली, तेवढीच काय ती माझी अडचण झाली.

भिंतींना चुन्याचा गिलावा होता. अंगणात खड्डा करून चुना भिजत घालायचे. तो चांगला मुरला की घराघरातली माणसं यायची आणि आपापल्या हाताने भिंतीला लावायची. पाऊस संपला की दरवर्षी हा उद्योग चालायचा. कुणाच्या वाट्याला दाराजवळचा कोपरा, कुणाच्या वाट्याला खिडकीखालचा. नवऱ्याने लावलेला चुना बायकोला पसंत पडायचा नाही, सुनेने लावलेला सासूला. पण चुना मोठा गुणी होता बरं का. जमिनीतली ओल भिंतीत वर चढायची आणि चुना तिला मुकाट्याने बाहेर सोडून द्यायचा. भिंत चार दिवस ओलसर राहायची आणि पुन्हा कोरडी व्हायची. माझी टोकं त्या भिंतीत सुखाने नांदत होती.

आता हुंकाराची गोष्ट. सकाळी कौलांवर ऊन आलं की माझं अंग तापायचं, किंचित फुगायचं, आणि टोक खोबणीत सरकलं की 'कर्र' असा आवाज व्हायचा. लाकूड आहे, करकरणारच. पण पहिल्याच प्रार्थनेच्या दिवशी काय झालं, की तेव्हाच्या प्रमुखांनी शेवटी हात जोडून विचारलं, "आमचं हे घर पसंत पडलं का?" सगळे डोळे मिटून गप्प बसले होते. तेवढ्यात कौलांवर ऊन आलं आणि मी करकरले. सगळ्यांनी वर पाहिलं. एक म्हातारी बाई हलक्या आवाजात म्हणाली, "ऐकलं."

झालं. तेव्हापासून तो रिवाजच पडला. प्रार्थना संपली की प्रमुखांनी सगळ्यांच्या वतीने विचारायचं, सगळ्यांनी गप्प बसायचं, मी करकरायचं आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "ऐकलं." माझ्या करकरण्याला त्यांनी हुंकार असं नाव दिलं. त्याला एक पुस्ती पुढे कुणीतरी जोडली. आत बसलेल्यांपैकी दोघांचं जरी भांडण असलं, तरी म्हणे तुळई हुंकार देत नाही. ढगाळ दिवशी ऊन उशिरा यायचं, मग माझाही आवाज उशिरा. तेवढ्या वेळात लोक एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघायला लागायचे, आणि अबोला धरलेली दोन माणसं हळूच उठून बाहेर जायची, बोलून यायची. तोवर ऊन आलेलं असायचं. ढगांनी आणि मी मिळून किती घरं पुन्हा बोलती केली, त्याला गणती नाही.

लोक मला काय काय विचारायचे. मुलीचं जमेल का, तापातून उठेल का, परगावी गेलेला सुखरूप असेल का. मी सगळ्यांना हुंकार दिला. नाही म्हणायचा आवाज माझ्याकडे नव्हताच. तरीही हलक्या मनाने घरी जाणारी माणसं पाहून मला बरं वाटायचं, हे खोटं कशाला बोलू?

मग माणसं कमी झाली. तरुण मंडळी कामाधंद्यासाठी पांगली. चुना लावायला घरटी एकजण यायचा, तो दोन घरांतून एकजण यायला लागला. शेवटी शेवटी तर दोघंच उरली. एक म्हणजे हल्लीचे प्रमुख, ज्यांना सगळे थोरले म्हणतात, आणि दुसरी त्यांची मोठी बहीण, आक्का. आक्काचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. माझ्या डाव्या टोकाच्या बरोबर खाली, भिंतीला पाठ टेकून ती बसायची. सगळे गेले तरी बसून राहायची आणि माझ्याशी बोलायची. "काय गं, बरी आहेस ना? आमचे गुडघे बघ, तुझ्याहून जास्त बोलतात." बाकीचे मला विचारायला यायचे. माझी विचारपूस करायची ती एकटी आक्का.

गिलाव्याचे पापुद्रे सुटायला लागले. एका कोपऱ्यातून पाणी ठिबकायला लागलं. तेव्हा थोरल्यांनी पांगलेल्या सगळ्या मंडळींना बोलावून बैठक घेतली आणि घराचा जीर्णोद्धार करायचं ठरलं. मित्रांनो, त्या दिवशी मला किती आनंद झाला म्हणून सांगू. ओस पडलेल्या घराकडे कुणाचं तरी लक्ष गेलं होतं. मोठमोठ्या हुद्द्यांवरची माणसं माझ्याखाली मांडी घालून बसली होती आणि या घराला काही होऊ देणार नाही म्हणत होती. त्यांचं प्रेम खरं होतं. आजही मी त्यावर शंका घेत नाही.

काम ज्या कंत्राटदाराला दिलं, तो हसरा, गोड बोलणारा माणूस होता. "एकदाच करा, पण पक्कं करा," हे त्याचं पालुपद. पोरांनी त्याचं नाव पक्केराव ठेवलं आणि त्यालाही ते आवडलं. त्याने भिंतीवरून नुसती थापी फिरवली आणि चुना भसाभस खाली आला.

"बघा," तो म्हणाला, "हात लावला की पडतंय. दरवर्षी किती दिवस लिंपत बसणार तुम्ही? सिमेंटचा गिलावा मारून देतो. नातवंडांनासुद्धा हात लावावा लागणार नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. परगावाहून चुना लावायला येणं कुणालाच जमणार नव्हतं, आणि आता यावंही लागणार नव्हतं. सगळ्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. भिंती आतून-बाहेरून सिमेंटने बंद झाल्या. माझ्या टोकांची पाळी आली तेव्हा पक्केराव स्वतः शिडीवर चढला. त्याने चिमण्यांची घरटी अलगद काढून अंगणातल्या झाडावर ठेवली, इतका तो भला माणूस. आणि मग अंगठ्याएवढी ती फट त्याने सिमेंटने गच्च भरली, थापीने थोपटून गुळगुळीत केली. "आता मुंगीसुद्धा शिरणार नाही," तो खाली बघून म्हणाला. खालच्यांनी टाळ्या वाजवल्या.

आक्काने भिंतीला तळहात लावून पाहिला. "गार लागतेय रे," ती भावाला म्हणाली.

"नवी आहे म्हणून, आक्का," थोरले म्हणाले. "वाळेल."

ती वाळली नाही. ओल जमिनीतून पूर्वीसारखीच वर चढत होती, पण बाहेर पडायला तिला आता वाटच नव्हती. भिंतीने ती पोटात ठेवली. वर, आणखी वर, असं करत ती माझ्या डाव्या टोकापाशी आली आणि तिथे मुक्काम ठोकून बसली. पहिल्यांदा नुसता थंडावा लागला. मग टोक जड झालं. मग ते मऊ पडायला लागलं. आपल्या अंगाचा एक भाग आपल्याला सोडून चालला आहे हे कळतं, पण कुणाला दाखवता येत नाही, कारण त्याच्यावर छान गुळगुळीत गिलावा आहे. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं झकपक दिसतं.

मी ओरडायला लागले. पूर्वी सकाळी एकदा करकरायचे, ती आता दिवसातून कितीतरी वेळा करकरू लागले. खाली कुणी दार लोटलं तरी माझ्या टोकातून कळ जायची. आणि लोकांना काय वाटलं सांगू?

"नवं घर तिच्या मनात भरलंय," थोरले म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "पूर्वी एकदा बोलायची. आता भरभरून बोलतेय."

ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. पांगलेली घरं परत यायला लागली. ज्यांनी कित्येक वर्षांत इकडे पाऊल टाकलं नव्हतं, ते बायकामुलांना घेऊन आले. बसायला जागा पुरेना. प्रार्थनेच्या मध्येच मी कळवळायचे आणि खालून शेकडो तोंडांनी उत्तर यायचं, "ऐकलं." मी आणखी मोठ्याने ओरडायचे. ते आणखी मोठ्याने म्हणायचे, "ऐकलं." डोळे पुसत म्हणायचे. मित्रांनो, कुणीही न ऐकणं मी समजू शकते. पण सगळ्यांनी ऐकावं, आनंदाने ऐकावं, आणि कुणालाच काही कळू नये, हे मला सोसवत नव्हतं. एकदा एक बाई तापाने फणफणलेल्या पोराला मांडीवर घेऊन बसली होती. "हा बरा होईल ना गं?" तिने विचारलं. नेमकी तेव्हाच मला कळ आली. ती हसत पोराला घेऊन घरी गेली. मला तिला सांगायचं होतं की बाई, आधी डॉक्टरकडे जा, आणि जाताना कुणाला तरी वर पाठव. सांगणार कसं? माझ्या भाषेत शब्दच एक, आणि त्याचा अर्थ त्यांनी आधीच ठरवून टाकलेला.

गर्दी मावेना, तेव्हा सज्जा करायचं ठरलं. म्हणजे वरच्या अंगाला एक लाकडी गच्ची, आणि ती टांगायची कुठे? माझ्या अंगाला. लोखंडी सळ्यांनी. "मुलं वर बसतील," थोरले कौतुकाने म्हणाले, "म्हणजे हुंकाराच्या अगदी जवळ." तुमच्यासाठी तो सज्जा होता, मित्रांनो. तुमच्यासाठी रंगवला, तुमच्या उंचीचा कठडा केला.

सळ्यांसाठी माझ्या अंगात भोकं पाडायला लागले, तेव्हा मी अशी काही करकरले की कामगारांचे हात थांबले. यंत्र बाजूला ठेवून ते अदबीने उभे राहिले. मला वाटलं, आता तरी कळेल.

पक्केराव हसून म्हणाला, "चला, परवानगी मिळाली."

मी हताश झाले. ओरडण्याचा काही उपयोग नव्हता, उलट ओरडण्यानेच माझ्या अंगावरचा भार वाढत होता. गर्दी माझ्या ओरडण्याने आली, सज्जा माझ्या ओरडण्याने आला. उद्या मुलंही हौसेने त्यावर चढणार होती. डावं टोक आता लाकूड राहिलंच नव्हतं. खोबणीतला ओला भुसा आणि त्याला धरून असलेल्या चार-दोन चिवट शिरा, एवढ्यावर मी तोलून होते. त्या अवस्थेत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ओरडले की ते आत येतात. मग गप्प राहिले तर?

सज्जा तयार झाल्यावरची ती पहिली प्रार्थना. तुमच्यापैकी बरेचजण होतात, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही धडाधड जिना चढून वर आलात, कठड्यावर हनुवट्या टेकल्यात. तुमचं वजन सळ्यांतून माझ्या अंगात उतरलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मी सगळा भार उजव्या टोकावर घ्यायला लागले. मला दात असते तर दातखिळी बसली म्हटलं असतं, इतकं अंग आवळून धरलं. ऊन कौलांवर आलं. अंग तापलं, फुगलं. प्रत्येक शीर करकरायला बघत होती. मी करकरले नाही.

थोरल्यांनी हात जोडून विचारलं. सगळे गप्प बसले. उत्तर नाही.

त्यांनी पुन्हा विचारलं. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या, तेवढाच आवाज. थोरल्यांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत, लख्ख ऊन पडलेलं असताना असं कधी झालं नव्हतं.

"मुलांच्या गडबडीने असेल," मागून एकजण म्हणाला. "त्यांना खाली घ्या आधी."

तुम्ही उतरलात. एकेक पाऊल जिन्यावरून खाली गेलं, तसतसा मला श्वास आला. पण खाली माणसं होतीच, तुम्हीही आता त्यांच्यातच जाऊन बसलात.

थोरल्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. मी गप्प. मग त्यांनी डोळे उघडले आणि ते जड आवाजात म्हणाले, "आपल्यात कुणाचं तरी बिनसलंय. बाहेर जाऊ या. ज्याचं ज्याच्याशी वाकडं असेल, त्याने ते मिटवायचं. मन साफ करून मगच आत यायचं."

सगळे उठले आणि अंगणात गेले. मित्रांनो, मी त्या क्षणी रडले असते, पण रडणंसुद्धा त्यांनी हुंकारच समजला असता. दार सताड उघडं होतं. मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. सुरुवातीला सगळे एकमेकांची तोंडं बघत होते. मग एकजण दुसऱ्याला म्हणाला, "तुझी शिडी माझ्याकडेच आहे रे. मीच नाही म्हणालो होतो." दोन जावा एकमेकींच्या गळ्यात पडल्या. बांधावरून ज्यांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं, ते दोघे भाऊ एकाच पायरीवर येऊन बसले आणि मुलाबाळांची चौकशी करायला लागले. कुणी कुणाच्या लग्नात नीट विचारलं नव्हतं, कुणी कुणाच्या पाठीमागे काय बोललं होतं, सगळं निघालं. हसणं, डोळे पुसणं, पुन्हा हसणं. मनं एकदाची साफ होत होती, आणि ती झाली की ते सगळे आत येणार होते.

आत एकटी आक्का राहिली. गुडघ्यांमुळे ती उठलीच नव्हती. तिच्या नेहमीच्या जागी, माझ्या डाव्या टोकाखाली, भिंतीला टेकून ती वर बघत होती.

"काय झालं गं तुला?" ती म्हणाली. रुसलेल्या लेकीला समजवावं तशी म्हणाली. "कुणी बोललं का काही? माझं काही चुकलं का? माझ्याशी तरी बोल."

ती एकटीच माझ्याशी असं बोलत आली होती, आणि आता नेमकी तीच माझ्याखाली बसली होती. बोलले तर अंगणातले सगळे धावत आत येतील. नाही बोलले तर ही बिचारी माझी समजूत काढत इथेच बसेल. काय करू? मित्रांनो, तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? मी करू शकत होते ते एवढंच, की चार-दोन शिरा आणखी थोडा वेळ धरून ठेवायच्या. मी धरत होते आणि त्या सुटत होत्या.

त्यातली एक सुटली. मी पाव बोट खाली आले आणि खोबणीवरचा तो गुळगुळीत गिलावा तडकून आक्काच्या पायाशी पडला. पाठोपाठ ओला, काळा भुसा तिच्या मांडीवर सांडला. तिने तो चिमटीत घेतला. नाकाशी नेला. मग वर पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे कान देऊन नाही, तर डोळे उघडून पाहिलं.

ती भिंतीला धरून उठली आणि लंगडत दाराकडे निघाली. दारापर्यंतचं ते अंतर मला कधी संपेल असं वाटेना. तिने उंबरठा गाठला आणि माझा धीर संपला. माझ्या तोंडून आवाज निघालाच. असा मोठा की अंगणातली बोलणी जागच्या जागी थांबली.

"ऐकलं," थोरले म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "ऐकलं."

"ऐकलं," सगळं अंगण म्हणालं, आणि सगळेच्या सगळे दाराकडे धावले. तुम्ही सगळ्यांत पुढे होतात.

आक्काने दोन्ही हात आडवे केले. "आत जाऊ नका," ती म्हणाली. पण आनंदाने उसळलेल्या गर्दीत तिचा आवाज कुठे पोचणार? मग तिने काय केलं असेल? दुखऱ्या गुडघ्यांनिशी ती उंबरठ्यावर आडवी झाली. या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत, सरळ आडवी. गर्दी थबकली. सगळ्या वस्तीची ती आक्का. तिला ओलांडून कोण जाणार?

"आक्का, हे काय?" थोरले वाकून म्हणाले. "हुंकार आलाय. ऐकला नाहीस का?"

"ऐकला," ती म्हणाली. "तो हुंकार नव्हता रे. ती कण्हतेय."

"काहीतरीच काय? ऊठ, सगळे खोळंबलेत."

"नाही उठणार."

त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला आणि माझी शेवटची शीर तुटली. मी डाव्या अंगाने खाली आले. सज्जा आला, कौलं आली, भिंतीचा वरचा भाग आला. धुळीचा लोट दारातून बाहेर पडला आणि त्याने सगळ्यांना झाकून टाकलं. धूळ खाली बसली तेव्हा उंबरठ्यावर आक्का पांढरीफटक होऊन उठून बसली होती. जिवंत होती. तुम्हीही सगळे होतात, आपापल्या आईबापांना घट्ट बिलगलेले. आत, ज्यावर तुम्ही हनुवट्या टेकल्या होत्यात, तो कठडा माझ्याखाली चिरडून पडला होता.

आक्का खोकली. मग सगळ्यांकडे बघून म्हणाली, "आता ऐकलं?"



इथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला सांगायलाही बसले नसते. निवांत पडून राहिले असते. पण मित्रांनो, ती धूळ आक्काच्या छातीत बसली. तिला अंथरुणातून उठवत नाही, आणि तिची सून तिला अंगणात पाऊल टाकू देत नाही. खरं काय ते जिने पाहिलं, ती इथे नाही. इथे पक्केराव आहे. त्याने थोरल्यांना समजावलं, "लाकूड जुनं होतं. दगा दिला. नवी तुळई घालू, पक्की." तो खोटं बोलत नाही, त्याला खरंच तसं वाटतं. सगळ्यांना ते पटलं, कारण ते पटलं की कुणाचंच काही चुकलेलं नसतं. ते बघा, भिंतीजवळ सिमेंटची पोती रचली आहेत. आणि माझ्या शेजारी ती नवी तुळई आहे, अजून ओल्या लाकडाचा वास येतोय तिला. मी तिला सांगून पाहिलं. ती तरुण आहे. कधी एकदा वर चढते असं तिला झालंय.

परवा थोरले आले. तिच्यावर हात फिरवत पक्केरावाला विचारत होते, "ही हुंकार देईल ना?"

"देईल की," तो म्हणाला.

देईल, मित्रांनो. पहिल्याच उन्हात देईल. सुरुवातीचे तिचे हुंकार उन्हाचेच असतील, अगदी खरे. नंतरचे कशाचे असतील, ते खाली बसून कुणाला कळणार नाही. माझा आवाज आता गेला. जमिनीवर आडव्या पडलेल्या तुळईवर भार नसतो, त्यामुळे तिला करकरता येत नाही. म्हणून हात जोडून सांगते. आजच आक्काच्या घरी जा आणि तिच्या उशाशी बसून तिने काय पाहिलं ते विचारून घ्या. पक्केरावाच्या पाठीस लागा. टोकाभोवती फट ठेवा म्हणावं, भिंतीला चुना लावा म्हणावं, आम्ही येऊ दरवर्षी लावायला. ते हसतील. तरी पुन्हा सांगा. आणि त्यांनी नाहीच ऐकलं, तर पुढे तुम्ही मोठे व्हाल, पहिल्या रांगेत बसाल, वरून आवाज येईल आणि आजूबाजूचे सगळे डोळे पुसत "ऐकलं" म्हणतील. तुम्ही म्हणू नका. तुम्ही उठा आणि शिडी घेऊन या.